पहिली खाट लावण्याआधी कचऱ्याचं बघा

हॉस्पिटल नवं निघतं तेव्हा मुहूर्त काढतात, फीत कापतात, पेढे वाटतात. ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, दिवा कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर महिनाभर खल चालतो. कचऱ्याचा विषय निघतो तो पहिल्या बाळंतपणाच्या रात्री, मावशी ट्रे हातात धरून दारात उभ्या राहतात आणि विचारतात, "सिस्टर, वार कुठं टाकू?" वार म्हणजे बाळामागून बाहेर पडते ती.

मी सिस्टर आहे. एकवीस वर्षांत चार हॉस्पिटलं झाली. गेली नऊ वर्षं तालुक्याच्या गावी पंधरा खाटांच्या हॉस्पिटलात आहे. बाळंतपणं, सिझर, हर्निया, अपेंडिक्स आणि पावसाळ्यात तापाचे पेशंट, असा आमचा बाज. वरचा प्रश्न मी तीन ठिकाणी ऐकलाय. पहिल्या ठिकाणी मलाही उत्तर माहीत नव्हतं.

नुकतंच हॉस्पिटल काढणारे डॉक्टर आणि कोर्स संपवून पहिल्यांदाच ड्यूटीवर आलेले सिस्टर-ब्रदर, या दोघांसाठी हे लिहितेय. आम्ही याला 'बीएमडब्ल्यू' म्हणतो, बायोमेडिकल वेस्टचं लघुरूप. सकाळी काउंटरवरून "बीएमडब्ल्यूची गाडी आली का?" अशी हाक जाते आणि नवे नातेवाईक दचकून रस्त्याकडे बघतात.

आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पहिल्या पेशंटच्या आधी उरकायचा आहे. सध्या चालतात ते जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २८ मार्च २०१६ ला आले. त्याआधी १९९८ चे होते. "आमच्याकडे खाटाच नाहीत, नुसती ओपीडी आहे" म्हणून सुटका नाही. दवाखाना, दातांचा दवाखाना, लॅब, रक्तपेढी, आयुर्वेद-होमिओपॅथीवाले, गुरांचा दवाखाना, रक्तदान शिबिर, लसीकरण शिबिर, एवढंच काय शाळेतली प्रथमोपचाराची खोलीसुद्धा या नियमांत बसते.

कचऱ्याची विल्हेवाट तुम्ही स्वतः लावायची नसते. तुमच्या भागासाठी एक सामायिक प्रक्रिया केंद्र नेमलेलं असतं आणि त्याची गाडी फिरते. ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र असेल तर स्वतःची भट्टी किंवा प्रक्रिया उभारायला परवानगी नाही. म्हणून क्रम असा ठेवा: पहिल्यांदा केंद्राशी करार, मग त्या कराराची प्रत जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकारपत्रासाठी फॉर्म दोनचा अर्ज. खाटा नसलेल्यांना हे अधिकारपत्र एकदाच काढावं लागतं. खाटा असतील तर त्याची मुदत पाणी आणि हवा कायद्यांखालच्या संमतीपत्राच्या मुदतीशी बांधलेली असते. ती तारीख डॉक्टरांच्या मोबाईलमध्ये नको, रिसेप्शनच्या भिंतीवर लिहा. मोबाईल बदलतो.

करार करताना दर विचारून लोक उठतात. मी म्हणेन, त्याआधी दोन प्रश्न विचारा. गाडी रोज येणार की दिवसाआड? आणि रविवारी, सणासुदीला काय? कारण अवयव, ऊती, रक्ताळलेलं सामान हे ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. दिवाळीत सलग तीन दिवस गाडी आली नाही तर वासाने शेजारी येतील, त्यांच्या मागून कुत्री येतील. तशी वेळ आलीच तर ४८ तास उलटायची वाट न बघता मंडळाला लेखी कळवा. तो एक कागद पुढे फार उपयोगी पडतो.

साठवायची खोली

जिना चढताना खाली जी मोकळी जागा दिसते, तिथे कचरा ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. मी काम केलेल्या एका ठिकाणी जिन्याखाली पिवळ्या पिशव्या, त्यांना लागून ऑक्सिजनची सिलिंडरं आणि वर मावशींचे डबे ठेवलेले असायचे. डब्यात भाकरी असायची.

खोली लहान चालेल, पण पेशंटच्या वाटेवर नको. गाडीवाल्याला वॉर्डातून न जाता बाहेरून उचलता यावं. फरशी धुता येईल अशी, उतार मोरीकडे, खिडकीला जाळी, दाराखाली उंदीर शिरेल एवढी फट नाही, बाहेर जैव धोक्याचं चिन्ह आणि कुलूप. किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरकडे. कुलूप कुत्र्यांसाठी असतं असं सगळ्यांना वाटतं. कुत्र्यांसाठी नुसती कडीही पुरते, कुलूप भंगारवाल्यासाठी आहे. त्याच्याकडे पुढे येतेच.

चार रंग आणि एक साधी डबीही

आता मुख्य गोष्ट. पिवळी पिशवी, लाल पिशवी, पांढरा अर्धपारदर्शक पक्का डबा आणि निळ्या खुणेचा खोका. यांचे तक्ते सगळीकडे लटकलेले असतात आणि कुणीही ते वाचत नाही. म्हणून तक्ता बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर एका पेशंटच्या खाटेशी या.

दोन नंबरच्या खाटेवर ताप-उलट्यांची बाई आहे. सलाईन लावायचंय. हातमोजे घातले, कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळी, फोडली. तिचं कागदी-प्लास्टिकचं वेष्टन कुठल्याही रंगात जात नाही, ते सुक्या कचऱ्याच्या साध्या डबीत जातं. कॅन्युला शिरेत गेली, आतली सुई बाहेर आली. ती तिथल्या तिथे पांढऱ्या डब्यात. खाटेवर ठेवायची नाही, ट्रेमध्ये ठेवायची नाही, टोपण परत लावायचं नाही. शिरेजवळचं रक्त टिपलेला कापूस पिवळ्यात. इंजेक्शन भरायला काचेची वायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, वापरली, ती रिकामी झाली की निळ्या खोक्यात. सिरिंजची सुई कटरने कापली, सुई पांढऱ्यात आणि उरलेली सिरिंज लाल पिशवीत. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई जोडलेलीच असते, ती अख्खी पांढऱ्यात. बाटली संपली, सेट काढला: बाटली, नळी, कॅन्युलाचं प्लास्टिक, सगळं लाल. हातमोजेही लाल. हे जुन्या सिस्टरना पटत नाही. हात आपोआप पिवळ्याकडे जातो, कारण हातमोज्याला रक्त असतं. मास्क आणि टोपी मात्र पिवळ्यात. उलटी पुसलेलं कापड पिवळ्यात. नातेवाइकांनी आणलेल्या शहाळ्याची कवटी ओल्या कचऱ्यात, बिस्किटाचा पुडा सुक्यात.

एका सलाईनला सहा डबे लागले. म्हणून हे डबे वॉर्डाच्या टोकाला असून चालत नाही, ड्रेसिंग ट्रॉलीवरच हवेत. पांढरा डबा हाताच्या अंतरावर. तो दहा पावलांवर असेल तर सुई आधी ट्रेमध्ये जाते, ट्रेमधून बेसिनमध्ये आणि बेसिनमधून मावशींच्या बोटात.

ज्याच्या हातातून वस्तू सुटते त्यानेच ती योग्य डब्यात टाकायची. सर्जन असो, भूलतज्ज्ञ असो, विद्यार्थी असो. "आत्ता एकत्र टाका, नंतर मावशी निवडतील" हे वाक्य ज्या हॉस्पिटलात चालतं तिथे चार रंगांवर खर्च करू नका, पैसे वाया जातील. मिसळलेला कचरा निवडायचा नसतो, निवडण्याचा प्रयत्नही करायचा नसतो. रक्ताचा एक बोळा पुठ्ठ्याच्या ढिगात पडला की तो सगळा ढीग पिवळ्यात जातो.

आणि ढीग पुठ्ठ्याचाच जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दवाखान्यातला सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो, घरी निघतो तसा. कागद, खोके, चहाचे कप, उरलेलं अन्न. उरलेले १५ टक्के जपले की झालं. पण नव्या हॉस्पिटलात हटकून काय होतं? साधी डबी ठेवायलाच विसरतात. मग नातेवाईक केळ्याची सालं पिवळ्या पिशवीत टाकतात, कारण समोर तेवढीच दिसते. केंद्राचा दर खाटेमागे ठरलेला असेल तर त्याचं कुणाला काही वाटत नाही. किलोवर असेल तर केळ्याची सालं जाळण्याचे पैसे तुम्ही भरता.

वारेचं उत्तर राहिलं: पिवळी पिशवी. काही घरांत वार अंगणात पुरायची रीत असते. आजी हक्काने मागतात, कधी भांडतात. त्यांना 'नियम आहे' म्हणून तोडून टाकू नका. बाजूला बसवून सांगा की ती रक्ताची वस्तू आहे, कुत्र्याने उकरली तर काय होईल. बहुतेक आजींना कुत्र्याचं पटतं. प्लॅस्टर, ड्रेसिंग, बाळंतिणीचे पॅड, रक्ताळलेली गादी, मुदत संपलेली गोळ्या-औषधं हेही पिवळ्यातच. औषधं मात्र वेगळी बांधून ठेवा. पुरवठादार परत घेत असेल तर त्याला द्या, नाहीतर गाडीला. बेसिनमध्ये ओतायची नाहीत. प्रतिजैविकांची बाटली मोरीत गेली की ती ओढ्याला जाते.

रंगांचा घोळ कुठे पोचतो

पिशवी गाडीत गेली की आपला संबंध संपला, असं वाटतं. मलाही वाटायचं. मग एकदा केंद्र बघायला गेले आणि रंग डोक्यात बसले.

पिवळी पिशवी आगीत जाते. भट्टीच्या पहिल्या कप्प्यात ८०० अंशांच्या आसपास, दुसऱ्यात १०५० च्या आसपास. लाल पिशवी वाफेत जाते, आपल्या ओटीतल्या ऑटोक्लेव्हसारख्याच पण मोठ्या पिंपात: १२१ अंश, १५ पौंड दाब, तासभर. मग त्या प्लास्टिकचे तुकडे होतात आणि ते पुनर्वापराला जातं. पांढऱ्या डब्यातल्या सुयांचं निर्जंतुकीकरण होतं, मग त्यांचे तुकडे होतात किंवा त्या सिमेंटमध्ये कोंडल्या जातात. निळ्यातली काच निर्जंतुक होऊन परत काच होते.

तर बघा, लाल आणि पिवळा यांतला फरक आगीचा आहे. सलाईनचे सेट, लघवीच्या पिशव्या ही बरीचशी पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची असतात आणि पीव्हीसीत क्लोरीन असतं. ती चुकून पिवळ्यात गेली की जळते आणि त्यातून डायऑक्सिन, फ्युरान नावाची विषं तयार होऊ शकतात. ती धुराबरोबर उडतात, गवतावर बसतात, गवत म्हैस खाते आणि तिच्या दुधातल्या स्निग्धांशात ती साठतात. कॅन्सरशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. भट्टीच्या धुरात ती घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त नसावीत, इतकी बारीक मर्यादा नियमांत आहे. आपण वॉर्डात बेफिकीरपणे पिवळ्यात टाकलेली एक मूत्रपिशवी त्या मर्यादेला जाऊन भिडते. याच कारणाने २७ मार्च २०१९ नंतर पिशव्याही क्लोरीनविरहित प्लास्टिकच्याच हव्यात. स्वस्तात मिळतात म्हणून बाजारातल्या कुठल्याही पिवळ्या पिशव्या उचलू नका. पुरवठादाराकडून लेखी घ्या.

हॉस्पिटलच्या मागे खड्डा करून रॉकेल टाकून पेटवणारे अजूनही सापडतात. तिथे आग ८०० अंशांच्या जवळपासही जात नाही. नुसता धूर होतो आणि तो सगळ्यात आधी आपल्याच प्रसूतीकक्षाच्या खिडकीतून आत येतो.

हायपोचं वेड

सोडियम हायपोक्लोराइट, आमच्या भाषेत हायपो. नवं हॉस्पिटल हायपोच्या वासाने ओळखू येतं. स्वच्छतेच्या उत्साहात पिवळ्या पिशवीतही भसाभस हायपो ओततात. हे करायचं नाही. जळायला जाणाऱ्या कचऱ्यावर आधी रसायन टाकू नये, असं नियमच सांगतो. वरचा क्लोरीनचा हिशोब आठवा, म्हणजे का ते कळेल. अपवाद लॅबच्या जंतूंच्या नमुन्यांचा. ते जागच्या जागी निर्जंतुक करूनच बाहेर पडले पाहिजेत.

हायपो लागतं ते सांडलेल्या रक्ताला आणि द्रव कचऱ्याला, १ ते २ टक्क्यांचं. कॅनवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक मग हायपो आणि चार मग पाणी. १० टक्के असेल तर एकाला नऊ. रोज नवं करायचं, झाकून ठेवायचं, धातूच्या भांड्यात नाही. रक्त सांडलं तर आधी कापड किंवा कागद टाकून झाका, त्यावर हायपो ओता, वीस मिनिटं घड्याळ बघून थांबा, मग पुसा. ते कापड पिवळ्यात जातं. तेवढ्याशा हायपोचं चालतं, बादली उपडी करायची नाही. रक्त-स्राव ओढून घेणाऱ्या सक्शन मशीनच्या बाटलीतही हायपो घालून ठेवा आणि मगच मोरीत ओता.

मावशींना एक गोष्ट दहा वेळा सांगा: हायपो आणि संडास धुवायचं अॅसिड एकत्र करायचं नाही. "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ" असं त्यांना वाटतं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आमच्या एका मावशी बंद संडासात हे करून खोकत खोकत बाहेर आल्या आणि त्यांना दिवसभर ऑक्सिजन लावावा लागला.

सुई टोचली तर

टोचणारच. पहिल्या वर्षात कुणाला तरी टोचते. तेव्हा काय करायचं ते आज ठरवा, त्या क्षणी डोकं चालत नाही.

बोट साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका. तोंडात घालू नका, आणि हा प्रतिक्षिप्तपणा इतका पक्का असतो की मीच घातलं होतं. स्पिरिट, हायपो काही लावू नका. लगेच डॉक्टरांना सांगा. ज्या पेशंटची सुई, त्याची तपासणी बघा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. आपल्या गावापासून ही औषधं सगळ्यात जवळ कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळतात आणि रात्री कुणाला फोन करायचा, हे चिठ्ठीवर लिहून पांढऱ्या डब्याच्या वर चिकटवा.

सगळे एचआयव्हीला घाबरतात. पण आकडे बघा. बाधित पेशंटची सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता एचआयव्हीत हजारात तीन, हिपॅटायटिस सी मध्ये शंभरात तीनच्या आसपास आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी ची शंभरात तीसपर्यंत. म्हणजे ज्याला कुणी घाबरत नाही तोच सगळ्यात धोक्याचा, आणि त्यालाच लस आहे. आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी, असे तीन डोस. धनुर्वाताचीही द्या. नियमात दोन्ही लसी, कामावर येताना आणि मग दरवर्षी तपासणी व प्रशिक्षण हे सगळं आहे. डॉक्टर आणि सिस्टर घेतात. मावशी आणि मामा (वॉर्डबॉय) राहतात, कारण ते 'आपल्याकडे पगारावर नाहीत, ठेकेदाराचे आहेत.' सुईला हे माहीत नसतं. टोचल्याची नोंद रजिस्टरला करा. ती वार्षिक अहवालात द्यावी लागते, आणि कुठल्या टेबलावर वारंवार टोचतंय हेही त्यातूनच कळतं.

भंगारवाला आणि झाडवाले

भंगारवाला पहिल्याच आठवड्यात येतो. "मॅडम, सलाईनच्या बाटल्या, सिरिंजा, काय असेल ते द्या, किलोला बरं देतो." प्लास्टिक चांगल्या प्रतीचं असतं, त्याला ते कळतं. कधी तो मामांना परस्पर गाठतो. द्यायचं नाही. २००९ मध्ये गुजरातेत मोडासाच्या भागात हिपॅटायटिस बी ची जी जीवघेणी साथ आली, ती वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे पसरली होती. सिरिंज कापून लालमध्ये टाकायची ती यासाठी. अख्खी सिरिंज भंगारात गेली तर ती धुतली जाऊन परत वेष्टनात बसू शकते.

दुसरे येतात ते झाडवाले, आणि त्यांना नाही म्हणणं जिवावर येतं. उन्हाळ्यात टेकडीवर लावलेल्या रोपांना सलाईनच्या बाटलीने थेंब थेंब पाणी द्यायची कल्पना सगळीकडे पसरली आहे. शाळेची मुलं मास्तरांबरोबर येतात, हात जोडून बाटल्या मागतात. हेतू सोन्यासारखा. पण पेशंटच्या शिरेला जोडलेली बाटली आणि नळी मुलांच्या हातात द्यायची नाही. ती लाल पिशवीची आहे. मी त्यांना ओआरएसचे रिकामे खोके आणि पाण्याच्या बाटल्या देते, आणि बाटलीच्या झाकणाला भोक पाडून वात घालायची युक्ती दाखवते. मुलं खूश होतात. मास्तर जरा हिरमुसतात.

मुळात बाटली लावलीच नाही तर

सगळ्यात कमी कचरा कशाचा होतो? न दिलेल्या इंजेक्शनचा.

आपल्याकडे 'सुई दिली नाही तर डॉक्टर कसला' असं आहे. शेतातून दमून आलेला माणूस म्हणतो, "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा." बाटली लावली की चेहरा खुलतो. पण तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला ओआरएसचं एक पाकीट पुरतं. एका बाटलीमागे किती वस्तू निघतात ते आपण मघाशी खाटेशी उभं राहून मोजलं. जगभरात वर्षाला १६ अब्ज इंजेक्शनं दिली जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यातली बरीच अनावश्यक असतात. नव्या डॉक्टरांनी पहिल्या महिन्यात 'बाटली नको, हे प्या' म्हणायला सुरुवात केली तर चार पेशंट शेजारच्या दवाखान्यात जातील, हे मान्य. पुढच्या वर्षी म्हणायला लागलात तर चाळीस जातील. म्हणून सवय पहिल्या दिवसापासून लावा.

ओटीतही बघा. एका टाक्यासाठी अख्खा डिस्पोझेबल किट फोडायची गरज नसते. धुऊन ऑटोक्लेव्ह करता येणारे कापडी गाऊन आणि चादरी जुनाट दिसतात, पण छोट्या ऑपरेशनांना उत्तम चालतात.

तीन किरकोळ गोष्टी

पाऱ्याचे थर्मामीटर आणि पाऱ्याचं बीपी यंत्र घेऊच नका. पाऱ्यावरच्या मिनामाता करारात ही उपकरणं २०२० पर्यंत बंद करायचं ठरलं होतं आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. जुनं कुणी भेट दिलं आणि फुटलं तर केरसुणी लावू नका, गोळे बारीक होऊन पसरतात. खिडक्या उघडा, खेळायच्या दोन पत्त्यांनी गोळा करा, झाकणाच्या बाटलीत ठेवा. पिवळ्यात अजिबात नाही, भट्टीत पाऱ्याची वाफ होऊन तो हवेत जाईल.

भुलेचा गॅस दिसत नाही, पण तोही कचराच. डेसफ्ल्युरेन हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट हवा तापवतो. स्कॉटलंडने तो २०२३ मध्ये बंद केला. आपल्या गावात बहुतेक कामं पाठीतल्या इंजेक्शनवर होतात, त्यामुळे प्रश्न लहान आहे. मशीन घेताना भूलतज्ज्ञांना विचारा, एवढंच.

दम्याच्या पेशंटला पंपाऐवजी कॅप्सूल टाकून ओढायचा इनहेलर जमत असेल तर तो चांगला. पंपातला दाबाचा वायूही हवा तापवतो, कॅप्सूलमध्ये तो नसतो. आणि ती स्वस्तही पडते. लहान मुलं आणि जोरात ओढू न शकणारे म्हातारे यांना पंपच द्या.

रजिस्टर आणि पहिला महिना

पिशवी तीन चतुर्थांश भरली की बांधायची, कोंबायची नाही. वजन करायचं, बारकोडचं लेबल लावायचं, रजिस्टरला रंगाप्रमाणे किलो लिहायचे. वार्षिक अहवाल फॉर्म चारमध्ये ३० जूनपर्यंत मंडळाला जातो. तीसपेक्षा कमी खाटा असतील तर समिती नेमायची गरज नाही, एक पात्र माणूस जबाबदार म्हणून नेमा आणि त्याचं नाव फळ्यावर लिहा. नाव नसलं की सगळे जबाबदार असतात, म्हणजे कुणीच नसतं.

पहिला महिनाभर रोज सकाळी गाडी यायच्या आधी मी पिशव्या एकेक करून हातात तोलते, आतलं न उचकता. पिवळी जड लागली तर आत सलाईनच्या बाटल्या आहेत. लालमधून खुळखुळ आवाज आला तर काच आहे. मग त्या पाळीच्या सिस्टरला बोलावते. ओरडत नाही, पिशवी तिच्या हातात देते आणि "ऐक" म्हणते. किलोंचे आकडेही बोलतात. पंधरा खाटांत तेवढेच पेशंट असताना एका सोमवारी पिवळा कचरा दुप्पट भरला, तर आदल्या दिवशी नवीन मुलगी ड्यूटीवर होती असं समजा.

तक्त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगते, कारण छापील तक्ता आमच्याकडे हरला. आमच्या दोन मावशींना वाचता येत नाही आणि तक्त्यातली चित्रं इतकी लहान असतात की कॅथेटर (लघवीची नळी) आणि शेवई सारखीच दिसते. मग सुताराकडून प्लायवूडच्या चार फळ्या कापून आणल्या, डब्यांच्या रंगात रंगवल्या आणि त्यांवर कोऱ्या, न वापरलेल्या खऱ्या वस्तू चिकटवल्या. लालवर हातमोजा, सेटचा तुकडा, सुई नसलेली सिरिंज. पिवळ्यावर कापूस, मास्क, प्लॅस्टरची पट्टी. निळ्यावर वायल. पांढऱ्यावर सुई चिकटवायची नाही, तिथे नुसतं चित्र. मावशींनीच कुठली वस्तू कुठे ते सांगितलं आणि मी चिकटवलं. दोन ठिकाणी त्या चुकल्या, एका ठिकाणी मी. दरवर्षी लालवरचा हातमोजा तेवढा बदलावा लागतो, वर्षभरात तो चिकट होऊन फळीला लोंबायला लागतो.